जाड कातडीचं मलम: टक्के वाचा, जागा मोजा

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या मेडिकलांत रोज कुणीतरी म्हणतं, ‘टाचांच्या भेगांवर काहीतरी स्ट्राँग द्या.’ हे ‘स्ट्राँग’ म्हणजे पुष्कळदा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम. औषध जुनं आहे, स्वस्त आहे आणि नीट वापरलं तर गुणाचं आहे. पण याच एका नावाखाली पिंपल्ससाठीचा २ टक्क्यांचा फेसवॉश मिळतो, ६ टक्क्यांचं मलम मिळतं, चामखिळीवर लावायचा १७ टक्क्यांच्या आसपासचा चिकट द्राव मिळतो आणि कुरुपावर चिकटवायची ४० टक्क्यांची कॉर्न कॅपही मिळते. चेहऱ्याला चालणारी वस्तू आणि कातडी भाजू शकणारी वस्तू एकाच फळीवर असते. म्हणून हे औषध घरात आणण्याआधी दोन गोष्टींचा हिशेब जमला पाहिजे: टक्के किती, आणि लावायची जागा किती.

ॲसिड करतं काय

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. मनगट ते कोपर, हाताच्या आतल्या बाजूला तो कागदाहून पातळ असतो. टाचेवर तो एक मिलिमीटरच्या घरात जातो आणि घट्टा पडला की त्याहूनही जाड होतो. खालून नवीन पेशी येत राहतात, वरच्या गळून पडतात. आंघोळीला अंग चोळल्यावर जो मळ निघतो त्यात बराच भाग याच पेशींचा असतो. जिथे सतत दाब पडतो किंवा घासलं जातं, किंवा सोरायसिससारख्या आजारात पेशी भराभर तयार होतात, तिथे गळतीपेक्षा भर जास्त पडते आणि थर साचत जातो. दमट राहिलेल्या पापडांची चळत एकमेकांना चिकटून बसावी, तसा.

सॅलिसिलिक ॲसिड या पापडांमधला चिकटपणा सोडवतं. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे टाके सैल होतात, थर पाणी धरून मऊ पडतो, पांढरट दिसू लागतो आणि चोळल्यावर निघून येतो. एवढंच त्याचं काम. बूट चावतो म्हणून पडलेला घट्टा उतरेल, पण बूट तोच राहिला तर घट्टा परत हजर. सोरायसिसचे पापुद्रे निघतील, सोरायसिस राहील. पापुद्रे निघाल्यामुळे नंतर लावलेलं दुसरं औषध खोल पोचतं, हा मोठा फायदा. नको ते औषध असलं तर तेही तितकंच खोल पोचतं.

हे ॲसिड पाण्यात फारसं विरघळत नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम. स्पिरिटमध्ये मात्र चांगलं विरघळतं. म्हणून ते मलमात बारीक घोटून किंवा द्रावाच्या रूपात येतं. पावडर विकत आणून घरी पाण्यात किंवा खोबरेल तेलात कालवण्याचा उद्योग करू नये. न विरघळलेला कण जिथे बसतो तिथे शंभर टक्के ॲसिड बसतं, आणि बाकीच्या जागेवर काहीच नसतं.

जाड दिसतं ते सगळं एक नसतं

घट्टा पसरट आणि पिवळसर असतो, कडा पुसट असतात आणि त्वचेच्या रेषा त्याच्यावरून सरळ पुढे जातात. द्राक्षाच्या छाटणीत दिवसभर कात्री चालवणाऱ्यांच्या तळहातावर, तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्या तांबटांच्या बोटांच्या मुळाशी, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत बारा-बारा तास सेफ्टी शूज घालणाऱ्यांच्या चवड्याखाली तो हमखास दिसतो. दुखत नसेल तर त्याला हात लावायची गरज नाही. ते शरीरानं स्वतः केलेलं चिलखत आहे.

कुरूप, कुणी त्याला भोवरी म्हणतं, ते लहान आणि वाटोळं असतं. मधोमध कठीण खुंटी असते आणि सरळ दाबलं की खडा टोचल्यासारखी कळ येते. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला किंवा चवड्याखाली ते जास्त आढळतं.

तळपायाची चामखीळ वरवर पाहता कुरुपासारखीच दिसते आणि इथेच गल्लत होते. तीन खुणा लक्षात ठेवा. चामखिळीपाशी त्वचेच्या रेषा तुटतात. वरचा थर थोडा घासला की आत काळे ठिपके दिसतात, ते गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे असतात. आणि सरळ दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर ती जास्त दुखते. ती विषाणूमुळे होते, म्हणून घरात एकाची वजरी दुसऱ्यानं वापरली की पसरू शकते.

आता फसवणारा प्रकार. दोन्ही तळपाय कोरडे आणि जाड झालेत, रेषांत पीठ भरल्यासारखा पांढरा भुगा आहे, आणि हातांपैकी एकच तळहात तसा झालाय, दुसरा स्वच्छ आहे. ‘दोन पाय, एक हात’ हे चित्र बुरशीचं, म्हणजे गजकर्णाच्याच भावंडाचं. खाज असेलच असं नाही, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं त्याला ‘कोरडेपणा’ समजून मलमं बदलत राहतात. त्वचारोगतज्ज्ञ थोडी खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि शंका बऱ्याचदा तिथेच फिटते. या दुखण्याला बुरशीचं औषध लागतं. ६ टक्के बेन्झॉइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असलेलं व्हिटफिल्डचं मलम शंभर वर्षांपासून याच कामासाठी वापरात आहे, पण नुसतं सॅलिसिलिक पुरत नाही.

तळहात लाल होऊन सोलवटत असेल, चिरत असेल, आग होत असेल, तर तो जाडीचा प्रश्न नाही, इसबाचा किंवा रसायनाने भाजल्याचा आहे. ओलं सिमेंट हाताळणारे गवंडी आणि छाटणीनंतर द्राक्षाच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावणारे मजूर यांच्यात हे दिसतं. अशा हाताला आणखी एक ॲसिड लावणं म्हणजे आगीत तेल. आधी संपर्क थांबवायचा, हात भरपूर पाण्यानं धुवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचं. पुढच्या हंगामात हातमोजे.

ट्यूबवरची बारीक अक्षरं

ट्यूबवरचं मोठं नाव सोडून द्या. उलट बाजूला ‘प्रत्येक ग्रॅममध्ये काय’ हे लिहिलेलं असतं, ते वाचा. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहिला तरी चालेल.

नुसतं सॅलिसिलिक ॲसिड ३ किंवा ६ टक्के असेल तर ते पापुद्रे काढायचं मलम. त्याच्याबरोबर युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असेल तर हरकत नाही, तेही थर मऊच करतात. पण यादीत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. अशा जोडमलमांच्या नावाशेवटी अनेकदा ‘एस’ किंवा ‘सॅलिक’ असतं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यावर किंवा खाजवून खाजवून जाड झालेल्या इसबावर हे जोडमलम डॉक्टर देतात आणि थोड्या दिवसांत उत्तम काम करतं. तेच बुरशीवर लावलं तर खाज चार दिवसांत थांबते, लाली जाते, आणि खाली बुरशी निवांत पसरत राहते. मलम बंद केलं की दुप्पट जागेवर उगवते. मांड्यांच्या सांध्यात किंवा चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते आणि ताणाचे पट्टे उठतात, जे पुन्हा जात नाहीत. अशा वापराला आळा बसावा म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइडांची लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ‘तेच जुनं द्या’ असं सांगून ट्यूब घेणारे कमी झालेले नाहीत. शेजारच्या काकूंना गुण आला हे आपल्यासाठी कारण नव्हे, काकूंचा आजार वेगळा असू शकतो.

जागा मोजायची पट्टी आपल्याच हातात

बोटं जुळवलेला आपला तळहात म्हणजे आपल्या अंगाच्या साधारण १ टक्का जागा. मुलाला लावायचं असेल तर मुलाचा तळहात धरायचा, आपला नाही.

मलमाचं माप तर्जनीच्या शेवटच्या पेरावर. साध्या तोंडाच्या ट्यूबमधून टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत एक पट्टी काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाच्या एका तळव्याला एक पट्टी, म्हणजे दोन पायांना रोज रात्री १ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जायला हवी. आठवड्यात संपत असेल तर मलम चौपट लागतंय, आणि त्यानं थर चौपट वेगानं निघत नाही. जादा मलम मोज्याला लागतं आणि आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागतं.

जागा का मोजायची, ते एका गुणाकारानं कळतं. ६ टक्क्यांच्या १ ग्रॅम मलमात ६० मिलिग्रॅम ॲसिड असतं. दोन टाचांचा प्रश्न ६० मिलिग्रॅममध्ये मिटतो, आणि टाचेच्या जाड कातडीतून त्यातलं थोडंच आत जातं. तेच मलम मोठ्या माणसाच्या सर्वांगाला लावायचं तर एका वेळेला २० ग्रॅम तरी लागतं, म्हणजे १२०० मिलिग्रॅम ॲसिड. हे ॲसिड ॲस्पिरिनचं सख्खं नातेवाईक आहे, १८९७ मध्ये ॲस्पिरिन याच्यापासूनच बनवली गेली. ३२५ मिलिग्रॅमच्या जवळजवळ चार गोळ्यांच्या वजनाएवढा माल अंगावर चोपडला, अंग सोरायसिसनं लाल झालेलं आहे, वरून प्लास्टिक गुंडाळलंय, तर त्यातला निम्म्याहून जास्त रक्तात उतरू शकतो. आणि हे दिवसातून दोनदा केलं तर पुढचा हिशेब सांगायला नको.

अंगाच्या २० टक्क्यांहून जास्त जागेवर हे मलम लावणं धोक्याचं मानतात. घरच्या घरी वापरताना आमची मर्यादा याहून बरीच अलीकडे आहे: चार-पाच तळहातांपेक्षा जास्त जागा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

टाचेची रीत, पहिल्या रात्रीपासून

आधी भेग पाहा. जाड झालेला थर ताणला जात नाही. मागून उघडी चप्पल घालून उभं राहिलं की वजनानं टाच बाहेर पसरते, आणि उन्हात काळी माती तडकते तसा तो थर तडकतो. चीर वरच्या मेलेल्या थरातच असेल तर दुखत नाही. खाली जिवंत कातडीपर्यंत गेली असेल तर चालताना कळ मारते, रक्त दिसतं. अशा उघड्या चिरेत सॅलिसिलिक गेलं की जी आग होते तिला ‘औषध लागू पडतंय’ समजू नका. पाच-सात दिवस फक्त व्हॅसलीन भरायचं, वर सुती पट्टी किंवा मोजा, आणि चीर मिटली की मग ॲसिड सुरू करायचं.

चीर मिटलेली असेल तर रात्री झोपण्याआधी टबात कोमट पाणी घ्या, कोपराला सहज सोसेल इतकंच. पाच ते दहा मिनिटं पाय बुडवा. पाण्यात मीठ, शाम्पू, अँटिसेप्टिक काही घालायची गरज नाही. थर पाणी पितो, आणि पाणी प्यालेल्या थरात ॲसिड नीट शिरतं. कोरड्या टाचेवर लावलेलं मलम बरंचसं वरच राहतं, म्हणूनच ‘महिना झाला, फरक नाही’ ही तक्रार येते.

टॉवेलनं टिपून घ्या, बोटांच्या बेचक्या तर पूर्ण कोरड्या करा. तिथली कातडी पातळ असते आणि पावसाळ्यात चिखल्या होतात त्याच या जागा, तिथे ॲसिड जाता कामा नये. जोडवी असतील तर काढून ठेवा. टाचेची जाड जागा जिथे संपते तिथे कडेनं व्हॅसलीनचा बोटभर पट्टा ओढा, ती कुंपणाची रेघ. आता पेरभर मलम फक्त जाड भागावर पसरवा आणि मिनिटभर जिरवा. तळव्याच्या कमानीला नको, घोट्याला नको. सुती मोजे घाला, कारण मलम लावलेला पाय फरशीवर घसरतो आणि रात्री बाथरूमला उठलेली वयस्कर माणसं पडतात. वरून प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला फिरत असतो. त्यानं ॲसिड अनेक पटींनी आत ढकललं जातं. डॉक्टर कधीकधी ते मुद्दाम करायला सांगतात, आपण आपल्या मनानं करू नये. शेवटी हात साबणानं धुवा, नाहीतर ते डोळ्याला लागतात.

सकाळी पाय धुवा. थर मऊ असतानाच वजरीनं दहा-बारा हलके हात फिरवा, एवढंच. पहिल्याच दिवशी गुलाबी कातडी दिसेपर्यंत घासलं तर रात्री ॲसिड थेट जिवंत कातडीवर बसतं. ब्लेडनं तासणं तर मुळीच नको. मग साधं व्हॅसलीन किंवा घरचं कोकम तेल चोळा, आणि शक्यतो मागून बंद चप्पल-बूट वापरा.

पहिले दोन-तीन दिवस काही घडत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी थर पांढरट, भिजल्यासारखा दिसतो, तो मेलेला थर आहे, घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांत टाच बोटाला मऊ लागते, चार आठवड्यांत बहुतेकांचं काम होतं. मधेच कातडी लाल झाली, चुरचुरू लागली, तर तीन-चार दिवस सुट्टी, फक्त व्हॅसलीन, आणि नंतर एक दिवसाआड. काम झालं की आठवड्यातून दोनदा, किंवा सरळ १० टक्के युरियाच्या क्रीमवर या. सॅलिसिलिक रोज लावून ठेवायचं मॉइश्चरायझर नाही. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर टक्के वाढवू नका. निदान चुकलंय का ते पाहा.

कॉर्न कॅप आणि चामखिळीचा द्राव

कॉर्न कॅपमध्ये मध्यभागी ४० टक्के ॲसिडची टिकली असते आणि भोवती दाब झेलणारी जाड गादी. बिघडतं ते एकाच कारणानं: टिकली कुरुपाहून मोठी असते किंवा तिरकी बसते. दोन दिवसांनी पट्टी काढली की कुरुपाशेजारची चांगली कातडी पांढरी फटक होऊन सुटते, आणि कुरूप तिथेच. पाय पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, कोरडा करा, भोवती व्हॅसलीन लावा, पण चिकटपट्टी बसायची जागा सोडून. टिकली बरोबर खुंटीवर बसवा. मोठी असेल तर कात्रीनं कुरुपाएवढी कापा. ४८ तासांनी बदला. असं जास्तीत जास्त १४ दिवस. एवढ्यात निघालं नाही तर पुढची पट्टी लावण्यापेक्षा पादत्राण बदलण्यात शहाणपणा आहे. दोन बोटांच्या मधल्या ओल्या कुरुपाला कॉर्न कॅप नको, तिथे शेजारचं बोट भाजतं.

चामखिळीला धीर लागतो. १७ टक्क्यांच्या आसपास सॅलिसिलिक आणि जवळजवळ तितकंच लॅक्टिक ॲसिड असलेला चिकट द्राव रोज एकदा, १२ आठवड्यांपर्यंत. भिजवा, पुसा, काडीनं एकेक थेंब फक्त चामखिळीवर, वाळू द्या, वर चिकटपट्टी. दोन-तीन दिवसांनी वरचा पांढरा थर नखाच्या कानशीनं घासून काढा, आणि ती कानस फक्त याच कामाला ठेवा, नखाला लावू नका. हा द्राव भुरकन पेट घेतो. देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसपाशी बसून लावू नका. चेहऱ्यावरची किंवा गुप्तांगावरची चामखीळ, जन्मखूण, तीळ, केस उगवलेली चामखीळ यांना यातलं काही लावायचं नाही. वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ असेल तर तो थेट दाखवायचा.

कुणी लांब राहायचं

मधुमेह असलेल्यांनी पायाला सॅलिसिलिक आपल्या मनानं लावू नये, मग ते ६ टक्के असो की कॉर्न कॅप. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे भाजलेलं कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्यानं झालेली जखम भरत नाही. घरी एक सोपी तपासणी करता येते. डोळे मिटून बसा. दुसऱ्या कुणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटानं क्षणभर हलका स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय बधिर होतोय असं समजून डॉक्टरांकडे जा. साखर कधी तपासलीच नाही आणि पायाचं कुरूप बरं होत नाही, अशांनी आधी साखर तपासावी. बधिर चट्टे किंवा बधिर तळवे असतील तर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि उपचारही.

दोन वर्षांखालच्या बाळाला हे मलम नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर सांगतील तेवढ्याच जागेला. माशाच्या खवल्यांसारखी कातडी घेऊन जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा जीव तुटतो, सगळ्या अंगाला मलम लागतं, आणि सॅलिसिलिकची विषबाधा झाल्याचे जुने दाखले नेमके अशाच मुलांमधले आहेत. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलाला तर नकोच, त्याचं कारण ॲस्पिरिनच्या बाबतीत जे आहे तेच: रे सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि लिव्हरवर बेतणाऱ्या आजाराचा धोका.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांनी, वॉरफेरिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांनी विचारूनच वापरावं. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन घेणाऱ्यांना छोट्या घट्ट्यापुरतं मलम सहसा अडचण करत नाही, पण मोठी जागा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. गरोदरपणात एखाद्या टाचेपुरतं, थोडे दिवस चालतं. मोठ्या जागेवर आणि पट्टी बांधून नको. अंगावर पाजणाऱ्या आईनं छातीला लावू नये.

सोरायसिसवाल्यांसाठी दोन खास गोष्टी. कॅल्सिपोट्रिऑलचं मलम सॅलिसिलिकबरोबर लावलं तर ते निकामी होतं, दोन्ही लिहून दिली असतील तर कुठलं कधी, हे विचारून घ्या. आणि लाइट, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, घ्यायला जायचं असेल त्या दिवशी आधी सॅलिसिलिक लावू नका, ते किरण अडवतं आणि फेरी फुकट जाते.

कानात शिट्टी वाजली तर

जास्त ॲसिड रक्तात गेलं की बहुतेकदा आधी कान बोलतात. शिट्टीसारखा किंवा रातकिड्यांसारखा आवाज सुरू होतो, ऐकू कमी येतं. मळमळ, उलटी, चक्कर, धाप लागल्यासारखा भराभर श्वास, मग गोंधळल्यासारखं वागणं. लहान मूल कान वाजतात हे सांगू शकत नाही, ते चिडचिडं होतं किंवा सुस्त पडतं आणि भराभर श्वास घेतं. यातलं काहीही दिसलं तर लगेच सगळं मलम साबण-पाण्यानं धुऊन काढा आणि कॅज्युअल्टी असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. सोबत ट्यूब न्या. किती टक्के, किती ग्रॅम, किती दिवस, ही तीन उत्तरं तिथे पहिली विचारतात. मुलाच्या पोटात मलम किंवा द्राव गेला असेल तरी हेच, घरी उलटी करवू नका.

अनवाणी चालायचं असेल तर

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, चैत्रात सप्तशृंग गडाची पायी वाट, आणि २०२७ च्या सिंहस्थातलं चालणं. अनेकजण निघण्याआधी ‘पाय चांगले करून घ्यावेत’ म्हणून आठवडाभर ॲसिड लावतात आणि मऊ गुलाबी टाचांनी खडकाळ वाटेवर उतरतात. दुसऱ्या मैलाला फोड. अनवाणी चालणाऱ्याला जाड तळवा हवा असतो. भेगा असतील तर त्या महिनाभर आधी आटोक्यात आणा, आणि निघायच्या निदान दोन आठवडे आधी सॅलिसिलिक बंद करून फक्त व्हॅसलीन किंवा कोकम तेलावर राहा. परत आल्यावर फोड असतील तर ते वाळून वरची कातडी आपोआप सुटेपर्यंत ट्यूब कपाटातच राहू द्या.